मोजमाप आणि संदर्भ : आकाशगंगेच्या केंद्राविषयीच्या मराठी विज्ञानलेखनाची चिकित्सा

सारांश

आकाशगंगेच्या केंद्राविषयी मराठीत होणारे लेखन प्रामुख्याने निष्कर्षप्रधान आहे. केंद्रस्थानी कृष्णविवर आहे, त्याचे वस्तुमान सुमारे चाळीस लाख सूर्यांइतके आहे, ही माहिती वाचकापर्यंत पोहोचते. परंतु हे मोजमाप कोणत्या संदर्भाने केले, हा प्रश्न बहुधा उपस्थितच होत नाही. रेडिओ खगोलशास्त्रातील संदर्भस्रोतांच्या आधारे या उणिवेचे स्वरूप स्पष्ट करणे आणि विज्ञानलेखनाच्या समीक्षेसाठी काही निकष सुचवणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बीजशब्द : विज्ञानलेखन, रेडिओ खगोलशास्त्र, संदर्भस्रोत, पडताळा, उजनी, खोडद.

प्रास्ताविक

मराठी विज्ञानसाहित्याच्या इतिहासात १९७४ हे वर्ष दोन कारणांनी लक्षणीय ठरते. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्या वर्षी ‘कृष्णविवर’ या कथेला प्रथम पारितोषिक मिळाले. नारायण विनायक जगताप या टोपणनावाने ती कथा पाठवणारे लेखक डॉ. जयंत नारळीकर होते. त्याच वर्षाच्या फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेतील ग्रीन बँक येथे ब्रूस बॅलिक आणि रॉबर्ट ब्राउन यांना आकाशगंगेच्या केंद्रभागी अतिशय लहान आकाराचा तेजस्वी रेडिओस्रोत आढळला. पुढे १९८२ मध्ये ब्राउन यांनी त्याला ‘सॅजिटेरियस ए’ या नावापुढे तारांकन जोडून ओळख दिली. प्रस्तुत लेखात त्याचा उल्लेख ‘धनू ए*’ असा केला आहे.

या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. तरीही कृष्णविवर ही कल्पना मराठी कथेत रुजत असतानाच तिचा आकाशातील पुरावा हाती येऊ लागला होता, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. त्यानंतरच्या अर्धशतकात कल्पनेचा मराठीत चांगला प्रसार झाला. पुराव्याचे काय झाले, हा प्रश्न मात्र मराठी समीक्षेने फारसा विचारलेला नाही. विज्ञानलेखनाची समीक्षा करताना आपण भाषा सुबोध आहे का, माहिती अचूक आहे का, रंजकता साधली आहे का, एवढेच पाहतो. मोजमापाची कथा सांगितली आहे का, हे पाहत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की संदर्भ न सांगता दिलेले मोजमाप हे ज्ञान न राहता श्रद्धेचा विषय बनते, आणि मराठी विज्ञानलेखनाची ही एक गंभीर उणीव आहे.

शून्य कोठे आहे?

संदर्भबिंदूची कल्पना सामान्य मराठी वाचकाला अवघड जाईल, असा एक समज लेखक-संपादकांमध्ये रूढ आहे. इंदापूर तालुक्यातील कोणत्याही शेतकऱ्याशी उन्हाळ्यात पाच मिनिटे बोलल्यास हा समज दूर व्हावा. भीमेवरील उजनी धरणाचे पाणी ‘मायनसमध्ये गेले’ असे तो सहज सांगतो. उणे वीस टक्के पाणी म्हणजे काय, हे परगावच्या माणसाला उमगत नाही. कारण पाणी शून्याहून कमी कसे असेल? परंतु पाणलोटाकाठच्या माणसाला ठाऊक असते, की येथील शून्य तळाशी मांडलेले नाही. ते मृतसाठ्याच्या वरच्या पातळीवर मांडलेले आहे. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, आणि त्यांपैकी ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा. म्हणजे फलकावर शून्य टक्के असते, तेव्हाही निम्म्याहून अधिक पाणी धरणात असतेच. पाणी खाली जाऊन पळसदेवच्या जुन्या मंदिराचे शिखर उघडे पडू लागले, की आकड्याचा अर्थ डोळ्यांना दिसतो. आकडा आणि त्याचे शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या परिसराला शिकवावे लागत नाही.

आकाशगंगेच्या बाबतीतही नेमका हाच प्रश्न आहे. १९५८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने आकाशगंगेसाठी सहनिर्देशक पद्धती निश्चित केली आणि तिचे शून्य केंद्राच्या दिशेला ठेवले. धनू ए* तेव्हा सापडायचा होता. तो सापडल्यावर लक्षात आले, की तो या शून्यापासून अंशाच्या सुमारे सात शतांश अंतरावर आहे. नकाशाचे शून्य आणि आकाशगंगेचे केंद्र एकच नाही. ही चूक नव्हे. शून्य माणसाने मांडलेले असते, एवढाच याचा अर्थ.

रेडिओ खगोलशास्त्राचा आरंभही संदर्भाच्या प्रश्नातूनच झाला. कार्ल जान्स्की यांना १९३१-३२ च्या सुमारास अमेरिकेत आपल्या अँटेनावर एक अखंड खरखर ऐकू येत होती. प्रारंभी ती सूर्याच्या दिशेने येत असावी असे वाटले. परंतु महिने सरले तशी ती सूर्यापासून दूर सरकली. तिची पुनरावृत्ती चोवीस तासांनी होत नव्हती. २३ तास ५६ मिनिटांनी होत होती. नक्षत्रे रोज चार मिनिटे लवकर उगवतात, हे आपल्याकडे पंचांग पाहणाऱ्यालाही माहीत असते. त्या चार मिनिटांमुळे संदर्भ बदलला : स्रोत सूर्याशी बांधलेला नव्हता, ताऱ्यांशी बांधलेला होता. १९३३ मध्ये जान्स्की यांनी तो आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेने येत असल्याचे जाहीर केले. मराठीत ही कथा सांगताना ‘आकाशातून आलेला गूढ आवाज’ एवढ्यावर थांबणे सोपे असते. वस्तुतः कथेचा गाभा त्या चार मिनिटांत आहे.

दूरचे दिवे

धनू ए* खरोखर केंद्रस्थानी स्थिर आहे की इतर ताऱ्यांप्रमाणे भटकणारा एक स्रोत आहे, हे कसे ठरवायचे? त्यासाठी त्याची जागा वर्षानुवर्षे मोजावी लागते. जागा मोजण्यासाठी न हलणारी खूण लागते. आपल्या आकाशगंगेतील कोणताही तारा ही खूण होऊ शकत नाही, कारण तोही फिरत असतो. मार्क रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी आकाशात धनू ए* पासून एक अंशाहूनही कमी अंतरावर दिसणारे दोन स्रोत निवडले. खगोलशास्त्रीय याद्यांत त्यांची नावे जे १७४५-२८३ आणि जे १७४८-२९१ अशी आहेत. हे दोन्ही आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडे आहेत; केवळ दिशेच्या दृष्टीने ते केंद्राजवळ दिसतात. ते इतके दूर आहेत, की त्यांची स्वतःची गती आपल्याला जाणवू नये. दौंड-बारामती गाडीच्या खिडकीतून रुळालगतची बाभूळ मागे पळताना दिसते आणि क्षितिजावरचा डोंगर जागचा हलत नाही. तसा हा डोंगर.

मोजमापासाठी हवाई ते कॅरिबियन बेटांपर्यंत पसरलेल्या, प्रत्येकी २५ मीटर व्यासाच्या दहा दुर्बिणींचे जाळे वापरले गेले. दुर्बिणी काही सेकंदांच्या अंतराने धनू ए* आणि संदर्भस्रोत यांच्याकडे आळीपाळीने वळवल्या जात, कारण वातावरणातील बदल दोन्हींवर सारखाच परिणाम करील आणि वजाबाकीत निघून जाईल. रीड आणि आंद्रेआस ब्रुंथालर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा : धनू ए* संदर्भस्रोतांच्या सापेक्ष आकाशगंगेच्या प्रतलात दरवर्षी सुमारे ६.३८ मिलिआर्कसेकंद सरकतो. २०२० मध्ये अधिक वर्षांच्या नोंदींनंतर हा आकडा ६.४११ झाला आणि त्यातील अनिश्चितता ०.००८ इतकी खाली आली. अडीच सेंटिमीटर व्यासाचे नाणे सुमारे आठशे किलोमीटरवरून, म्हणजे बारामतीतून पाहताना नागपूरच्याही बरेच पलीकडे ठेवले असता, जेवढे दिसेल तेवढे हे वार्षिक सरकणे आहे.

परंतु हे सरकणे धनू ए* चे नाही. ते आपले आहे. सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला सुमारे अडीचशे किलोमीटर वेगाने फिरतो, म्हणून केंद्र दूरच्या स्रोतांसमोरून सरकताना दिसते. सूर्याची गती वजा केल्यावर प्रतलाला लंब दिशेत धनू ए* ची गती सेकंदाला एक किलोमीटरच्या आतबाहेर उरते, आणि तीही अनिश्चिततेच्या मर्यादेत शून्याशी सुसंगत आहे. त्याच्या सभोवतालचे तारे सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने धावत असताना तो मात्र जागचा हलत नाही. याचा अर्थ तो ताऱ्यांच्या ओढीने हलणार नाही इतका जड आहे. केवळ या स्थिरतेवरून २००४ मध्येच त्याचे वस्तुमान किमान चार लाख सूर्यांइतके असले पाहिजे, असे दाखवता आले. ताऱ्यांच्या कक्षांवरून मिळणारा सुमारे चाळीस लाखांचा आकडा स्वतंत्र आहे. त्या संशोधनासाठी राइनहार्ट गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० चे नोबेल मिळाले. तेथेही अवरक्त प्रतिमा आणि रेडिओ प्रतिमा एकमेकांशी जुळवण्यासाठी दोन्हींत दिसणाऱ्या काही ताऱ्यांचा संदर्भ घ्यावा लागला होता.

येथे एक चिकित्सक प्रश्न उरतो. संदर्भस्रोत स्थिर आहेत, हे कोणी ठरवले? ‘दूर म्हणून स्थिर’ हे गृहीतक आहे. अशा स्रोतांतून झोत निघतात, त्यांचा तेजस्वी भाग सरकू शकतो. शिवाय केंद्राच्या दिशेने येताना त्यांचा प्रकाश आपल्याच आकाशगंगेतील आयनीभूत वायूतून गाळला जातो आणि प्रतिमा पसरट होते. तरंगलांबी वाढली की हा पसरटपणा तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणूनच हे मोजमाप सात मिलिमीटरच्या लहान तरंगलांबीवर केले गेले, आणि म्हणूनच एकाऐवजी दोन संदर्भस्रोत घेतले गेले. दोघे परस्परांच्या सापेक्ष हलत नाहीत, हे तपासता आले. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे ओळंब्याने पाहतो. येथे ओळंबाही दुसऱ्या ओळंब्याने तपासला आहे. विज्ञानाची विश्वासार्हता या दुहेरी पडताळ्यात असते. मराठी लेखनातून तीच नेमकी गळते.

काट्याचा पडताळा

संदर्भस्रोतांचा दुसरा उपयोग जागेसाठी नसून तेजासाठी असतो. या संदर्भात पुणे जिल्ह्याचा प्रत्यक्ष संबंध येतो. जिल्ह्याच्या उत्तर भागात, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून साकारलेल्या या प्रकल्पात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात पसरलेल्या आहेत. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांसाठी खुली होते आणि जिल्ह्यातील विद्यार्थी तेथे जातात. आकाशगंगेचे केंद्र धनू राशीत, बरेच दक्षिणेला आहे. खोडदच्या अक्षांशावरून ते क्षितिजावर सुमारे ४२ अंश चढते. उत्तरेकडील अनेक मोठ्या दुर्बिणींना ते याहून बरेच खाली दिसते. जून-जुलैच्या मध्यरात्री ते आपल्या दक्षिण आकाशात असते. तेव्हा ढगांमुळे डोळ्यांना काही दिसत नाही. मीटरतरंगांना मात्र ढगांची अडचण नसते.

या दुर्बिणीने केंद्राविषयी काय सांगितले? पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील शुभाशिष रॉय आणि ए. प्रमेश राव यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात धनू ए* चे ६२० मेगाहर्ट्झ वारंवारितेवरील तेज ०.५ जान्स्की, अधिक-उणे ०.१, असे दिले आहे. एक गिगाहर्ट्झच्या खाली हा स्रोत प्रथमच निश्चितपणे टिपला गेला होता. कमी वारंवारितेकडे त्याचे तेज एकाएकी ढासळते, ही १९७६ पासूनची सूचना यामुळे निकालात निघाली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की त्याच दिशेला दिसणारा तप्त आयनीभूत वायूचा ढग या वारंवारितेवर बराच अपारदर्शक आहे. तरीही धनू ए* दिसतो. म्हणजे तो त्या ढगाच्या मागे नाही, पुढे आहे. एका तेजमापनातून आकाशातील पुढे-मागे ठरले.

परंतु ०.५ जान्स्की हा आकडा आला कोठून? अँटेना जान्स्की मोजत नाही; ती केवळ विद्युत्संकेत देते. त्या संकेताला किंमत द्यायची तर ज्याचे तेज आधीच ठाऊक आहे अशा स्रोताकडे दुर्बीण वळवून तुलना करावी लागते. ३सी ४८ आणि ३सी २८६ हे असे मान्य प्रमाणस्रोत आहेत. येथे आणखी एक अडचण येते. प्रमाणस्रोताभोवतीचे आकाश काळोखे असते, तर आकाशगंगेच्या केंद्राभोवतीचे आकाशच रेडिओतरंगांनी उजळलेले असते. त्या उजेडामुळे ग्राहकयंत्राच्या मापनात फरक पडतो आणि त्याची दुरुस्ती न केल्यास आकडा चुकतो.

बारामती-इंदापूर परिसरातील वाचकाला ही गोष्ट अपरिचित नाही. गळीत हंगामात उसाची गाडी वजनकाट्यावर चढते, तेव्हा शेतकरी टनाचा आकडा निमूटपणे मान्य करीत नाही. काट्याची तपासणी कधी झाली, प्रमाणित वजने लावून पाहिली का, रिकाम्या गाडीचे वजन वजा केले का, हे तो विचारतो. ३सी ४८ हे रेडिओ खगोलशास्त्राचे प्रमाणित वजन आहे, आणि उजळ आकाशाची दुरुस्ती म्हणजे रिकाम्या गाडीची वजाबाकी. आपल्या उसाच्या टनांविषयी इतका चिकित्सक असलेला वाचक चाळीस लाख सूर्यांचा आकडा मात्र एकही प्रश्न न विचारता स्वीकारतो. हा दोष वाचकाचा नाही. प्रश्न विचारण्याची जागाच लेखकाने त्याच्यासाठी ठेवलेली नसते.

लेखनातील उणिवा

उपरोक्त विवेचनाच्या आधारे मराठी लेखनातील तीन प्रवृत्ती दाखवता येतील.

पहिली, परिणामाला प्रतिमा समजण्याची. १२ मे २०२२ रोजी धनू ए* ची प्रतिमा जाहीर झाली, तेव्हा ‘कृष्णविवराचे पहिले छायाचित्र’ असा शब्दप्रयोग रूढ झाला. प्रत्यक्षात एप्रिल २०१७ मधील निरीक्षणांतून, मिनिटामिनिटाला बदलणाऱ्या स्रोताच्या अनेक संभाव्य पुनर्रचना करून, त्यांच्या सरासरीतून ती प्रतिमा साकारली. यंत्रणेच्या पडताळणीसाठी तेथेही एनआरएओ ५३० आणि जे १९२४-२९१४ हे दूरचे स्रोत निरीक्षणात घेतले होते. ‘छायाचित्र’ या शब्दाने ही सर्व प्रक्रिया झाकली जाते. ‘पुनर्रचित प्रतिमा’ हा शब्द कमी आकर्षक असेल, पण तो खोटे बोलत नाही.

दुसरी, गौरवाची. खोडदविषयीच्या लेखनात अँटेनांची संख्या आणि आकार यांची वर्णने मुबलक आढळतात. त्या अँटेनांनी मोजलेली एखादी राशी क्वचितच येते. जे काम त्या दुर्बिणीचे नाही तेही तिच्या नावावर जमा करण्याचा मोह टाळला पाहिजे. मीटरतरंगांवर केंद्राच्या प्रतिमेचा पसरटपणा इतका वाढतो, की वार्षिक सरकण्याचे मोजमाप तेथे होऊ शकत नाही. तेजाचे आणि अपारदर्शकतेचे मोजमाप मात्र तेथेच उत्तम होते. प्रत्येक उपकरणाचे काम वेगळे आहे, हे सांगण्याने गौरव कमी होत नाही. तो नेमका होतो.

तिसरी प्रवृत्ती परिभाषेची. ‘कॅलिब्रेशन’साठी ‘अंशांकन’ असा शब्द योजून आपण मोकळे होतो. तो शब्द वाचकाच्या मनात काहीच जागवत नाही. वस्तुतः ताडून पाहणे, पडताळा घेणे, खूण बांधणे ही मराठीची जिवंत क्रियापदे आहेत आणि ती या प्रक्रियेचे यथार्थ वर्णन करतात. तसेच ‘अधिक-उणे’ हा शब्दसमूह भाषेत असताना अनिश्चितता दर्शवणारा आकडा अनुवादात गाळला जातो. ०.५ आणि ०.५ अधिक-उणे ०.१ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले विधान हुकूम देते, दुसरे आपली मर्यादा मान्य करते.

संभाव्य आक्षेप

इतका तपशील सामान्य वाचकाला पेलणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. त्याला महाराष्ट्राच्या अनुभवातच उत्तर आहे. २००८ मध्ये डॉ. नारळीकर, प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. कुंडलीवरून मूल हुशार की मतिमंद हे सत्तावीस ज्योतिष्यांनी ओळखायचे होते. त्यांच्या यशाचे सरासरी प्रमाण ४६ टक्के आले. या आकड्याला अर्थ आला तो नाणेफेकीमुळे : नाणे उडवले असते तरी सुमारे ५० टक्के उत्तरे बरोबर आली असती. संदर्भ एवढा स्पष्ट सांगितल्यामुळे ही चाचणी कोणत्याही मराठी वाचकाला समजावता आली. संदर्भ सांगितल्याने लेखन क्लिष्ट होत नाही, उलट आकड्याला जीभ फुटते, हेच यावरून सिद्ध होते. हे सूत्र फलज्योतिषाच्या खंडनाला लावायचे आणि खगोलशास्त्राच्या मंडनाला लावायचे नाही, हा दुटप्पीपणा ठरेल. पडताळा न देता सांगितलेले खगोलशास्त्र आणि पडताळा न देता सांगितलेले भविष्य यांत वाचकाने फरक तरी कशाच्या आधारे करावा?

निष्कर्ष

१. आकाशगंगेच्या केंद्राविषयीचे ज्ञान संदर्भस्रोतांवर उभे आहे. जागेसाठी दूरचे स्थिर स्रोत आणि तेजासाठी प्रमाणस्रोत, असे त्यांचे दोन प्रकार आहेत.

२. मराठी विज्ञानलेखनात निष्कर्ष येतात, संदर्भ आणि अनिश्चितता बहुधा येत नाहीत. त्यामुळे वाचकाला विश्वास ठेवता येतो, तपासता येत नाही.

३. विज्ञानलेखनाच्या समीक्षेत पुढील चार प्रश्नांचा अंतर्भाव व्हावा : मोजमाप कशाच्या सापेक्ष आहे? तो संदर्भ भरवशाचा आहे हे कसे तपासले? अधिक-उणे किती? आणि निवडलेले उपकरण व तरंगलांबी याच मोजमापाला योग्य का?

४. या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी लागणारी शब्दसंपदा आणि अनुभवविश्व ग्रामीण मराठी वाचकाकडे आधीपासूनच आहे. उजनीचे शून्य आणि कारखान्याचा काटा ही त्याची उदाहरणे होत.

खोडदची सहल करून परतणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत आज बहुधा ‘तीस अँटेना, ४५ मीटर’ एवढी नोंद असते. तिच्याखाली ‘कशाशी ताडून?’ हा एक प्रश्न लिहिला गेला, तर त्याच्यासाठी लिहिणाऱ्या मराठी लेखकालाही उत्तराची तयारी ठेवावी लागेल. मराठी विज्ञानलेखनाची इयत्ता त्या तयारीने वाढेल, असा विश्वास वाटतो.